घर चाकांवर, पत्ता जर्मनीत

गाडी, विमा आणि आरटीओ : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात पत्रं आणि मेसेज मिळून बरेच प्रश्न आले, त्यातले चार घेतलेत. पहिल्या प्रश्नानेच निम्म्याहून जास्त जागा खाल्लीये, पण विषय नवीन होता. मी २२ वर्षं मोटार इन्शुरन्सचा सर्व्हेअर म्हणून काम केलं, त्यात घरासारख्या गाडीची फाईल हातात आली ती फक्त एकदा, तेही सांगतो खाली.

प्रश्न : काका नमस्कार, मी सध्या माहेरी सांगलीत विश्रामबागला आलेय. आम्ही ७ वर्षं इंग्लंडला लीड्सजवळ राहतोय. ३ वर्षांपूर्वी तिथं सेकंडहँड मोटारहोम घेतली, म्हणजे आत बेड, किचन, टॉयलेट सगळं असलेली गाडी. आता मिस्टरांना जर्मनीत स्टुटगार्टला जॉब लागलाय आणि आम्ही कायमचे तिकडे चाललोय. गाडी विकायची नाहीये, मुलगी त्या गाडीतच चालायला शिकली. तर इंग्लंडचा इन्शुरन्स जर्मनीत चालेल का, पॉलिसीवर युरोप कव्हर्ड असं लिहिलंय. नंबर बदलायलाच लागतो का? आणि बाबा मे महिन्यात येणारेत, त्यांना चालवायचीय. बाबा म्हणतात सांगलीतनं कोल्हापूरला गाडी नेल्यासारखंच आहे, काय एवढं.

ताई, बाबांना सांगा कोल्हापूरला नाही, बेळगावला नेल्यासारखं आहे. चार दिवस पाहुण्यांकडे गेलात तर एमएच १० नंबरला कोण विचारत नाही. पण बेळगावात घर करून राहिलात आणि गाडी तिथंच ठेवली, की १२ महिन्यांच्या वर आपल्या कायद्यात सुद्धा तिथला नंबर घ्यायला लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ हेच सांगतं, आणि त्याच्या आधी इथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मी स्वतः हे भोगलंय, ऑफिस कुठलं ते नाही सांगत, पण एका एनओसीसाठी मी तीन महिने चकरा मारल्या आणि शेवटी कळलं की फाईल पहिल्या दिवसापासून त्याच टेबलावर दुसऱ्या फाईलखाली होती.

आता तुमचं. पॉलिसीवर जे युरोप कव्हर्ड लिहिलंय ना, ते फिरायला जाणाऱ्यासाठी लिहिलेलं असतं. इंग्लंडात घर असलेला माणूस गाडी घेऊन युरोपात हिंडून परत येणार, हे धरून कंपनीने हप्ता ठरवलेला असतो. किती दिवस ते पॉलिसीच्या आतल्या पानांवर असतं, कुठं ९०, कुठं १८०, मोटारहोमवाल्या पॉलिसीत कधी वर्षभर पण देतात. वर्षभर दिलं तरी अट तीच, तुम्ही इंग्लंडचे रहिवासी पाहिजे. तुम्ही घर सोडलं, जर्मनीत पत्ता लावला, की ज्याच्यावर पॉलिसी उभी होती तेच हललं. हप्ता बँकेतून कटत राहील, मेसेज येत राहतील, सगळं चालू आहे असं वाटेल, आणि ठोकर बसली की क्लेम बघणारा माणूस पहिला प्रश्न विचारेल, तुम्ही राहता कुठं? मी पण हाच विचारायचो. लोक गाडीचा विमा म्हणतात पण सर्व्हेअरच्या टेबलावर निम्मा वेळ माणसाचा पत्ता आणि कागदावरची गाडी हेच तपासण्यात जातो.

म्हणून आत्ता सांगलीत बसल्या बसल्या पहिलं काम, इंग्लंडच्या कंपनीला ईमेल टाका. फोन नको, ईमेल. आम्ही अमुक तारखेला कायमचे जर्मनीत जातोय, जर्मन नंबर मिळेपर्यंत कव्हर राहील का, किती दिवस, एवढंच विचारा. उत्तर नाही आलं तर नाही समजा. त्याच ईमेलमध्ये नो क्लेमचं पत्र मागा, किती वर्षं क्लेम नाही, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि कुणाच्या नावावर. जर्मनीत नो क्लेमच्या वर्षांवरूनच हप्त्याचा क्लास ठरतो, परदेशातली वर्षं काही कंपन्या धरतात काही धरत नाहीत, पत्रच नसेल तर मात्र कुणीच धरणार नाही.

दुसरं काम कस्टमचं, आणि हे लोक विसरतात. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यापासून तुमची गाडी म्हणजे बाहेरून आलेला माल. तसाच आत आणला तर ड्युटी आणि वर जर्मनीचा १९ टक्के व्हॅट, मोटारहोमच्या किमतीवर हिशोब करून बघा, डोळे पांढरे होतील. पण राहायला येणाऱ्या माणसाच्या सामानाला माफी आहे आणि त्या सामानात गाडी पण बसते. अटी अशा की तुम्ही किमान १२ महिने युनियनच्या बाहेर राहिलेले पाहिजे, गाडी किमान ६ महिने तुमच्या मालकीची आणि वापरातली पाहिजे, राहायला गेल्यापासून १२ महिन्यांत आणली पाहिजे, आणि आणल्यावर पुढचे १२ महिने विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, कुणाला वापरायला सुद्धा द्यायची नाही. तुम्ही सगळ्यात बसता. फक्त खरेदीची पावती, जुन्या पॉलिसी, लीड्सच्या घराचे कागद, नोकरीचं पत्र ही फाईल हातात ठेवा आणि माफी मागायचीय हे कस्टमला आपण होऊन सांगा. गाडी बोटीतून उतरवून टुरिस्टासारखं पुढं निघून गेलात तर मग ती पळवाट शोधल्यासारखी दिसते. कस्टम झालं की त्याचा दाखला घ्या, पुढं नंबर घेताना तो मागतातच.

तिसरं, ब्रिटनची बाजू बंद करणं. तिथल्या लायसन-नोंदणीच्या ऑफिसला, डीव्हीएलएला, गाडी कायमची बाहेर चालली हे कळवायचं, लॉगबुकमध्ये, म्हणजे तिथल्या आरसीत, त्याच्यासाठी वेगळा भाग असतो, तो भरून पाठवायचा आणि बाकीचं लॉगबुक जपून स्वतःजवळ ठेवायचं. चुकून सगळं पाठवून देऊ नका, जर्मनीत ओरिजिनल दाखवायला लागतं. भरलेल्या रोड टॅक्सचे उरलेले पूर्ण महिने परत मिळतात. एक जण मला म्हणाला होता, कळवायचंच कशाला, चालू दे तसंच दोन-तीन वर्षं. तर ब्रिटिश नंबर चालू ठेवायचा म्हणजे तिथली वर्षाची तपासणी, एमओटी, ती पण चालू पाहिजे, आणि ती जर्मनीत होत नाही. म्हणजे दरवर्षी फिटनेससाठी गाडी बोटीत घालून इंग्लंडला. एवढ्यात सांगलीला दोन फेऱ्या होतील.

आता जर्मनी. क्रम असा धरा. राहायला गेल्या गेल्या पत्त्याची नोंद, त्याला अनमेल्डुंग म्हणतात, त्याच्याशिवाय काही हलत नाही. मग तिथल्या विमा कंपनीकडून कव्हर घ्यायचं, ते एक ७ अक्षर-आकड्यांचा कोड देतात, ईव्हीबी नंबर. हे मला फार आवडलं, आपल्याकडे आरटीओत पॉलिसीची झेरॉक्स दाखवतो तसं नाही, तो कोड टाकला की ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विमा दिसतो, कोड नाही तर नंबर प्लेट नाही. मग गाडीची तपासणी. मग कस्टमचा दाखला, लॉगबुक, तपासणीचा कागद, टॅक्स कटायला बँक खातं, हे सगळं घेऊन नोंदणीच्या ऑफिसात. आणि हे लगेच करा, सहा महिने चालतं, वर्ष चालतं असं कुणी सांगेल, ते बाहेरून फिरायला आलेल्यांचं असतं, तिथं घर केलेल्याचं नाही.

तपासणीत तुमची गाडी कुठं अडकेल ते सांगतो कारण हेच कुणी सांगत नाही. स्टिअरिंग उजवीकडे आहे म्हणून अडकत नाही, ते चालतं. अडकते ती हेडलाइट. इंग्लंडात आपल्यासारखं डावीकडून चालवतात, म्हणून डिपर लावला की उजेड डाव्या कडेला जरा वर चढतो, फूटपाथ आणि पाट्या दिसाव्यात म्हणून. संध्याकाळी भिंतीसमोर कुठलीही गाडी लावा आणि डिपर मारून बघा, उजेडाची रेघ सरळ नसते, एका बाजूला वर उचललेली असते. तीच उचललेली बाजू जर्मनीत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जाते. ट्रिपला गेलेले लोक काचेवर स्टिकर लावतात, कायमच्या नोंदणीला तेवढ्यावर भागत नाही, लाइट बदला नाहीतर आत ॲडजस्ट होते का बघा. काही गाड्यांत एक स्क्रू फिरवून होतं आणि काहींत अख्खा जोड घ्यायला लागतो, हे आधी मेकॅनिकला विचारून घ्या. तसंच मागचा फॉग लॅम्प, एकच असेल तर तो डावीकडे किंवा मध्ये पाहिजे, ब्रिटिश गाडीला उजवीकडे असतो. स्पीडोमीटरवर किलोमीटर दिसले पाहिजेत. आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीचं सीओसी म्हणजे ही गाडी युरोपच्या मापात बसते याचं सर्टिफिकेट, ते असेल तर फार सोपं, नसेल तर एकेक गोष्ट तपासून रिपोर्ट करतात, वेळ आणि पैसे दोन्ही जातात. कंपनीला चॅसी नंबर कळवून आत्ताच मागवा. आतल्या गॅसच्या लाइनची तपासणी वेगळी, दर २ वर्षांनी, आणि इंग्लंडचं सिलिंडर तिकडे बदलून मिळत नाही तेव्हा रिकामं करूनच न्या.

विम्यात तिकडे थर्ड पार्टी सक्तीची, त्यात माणसांना झालेल्या इजेला किमान ७५ लाख युरोचं कव्हर असतं. आपल्याकडे इजेला मर्यादा नाही पण दुसऱ्याच्या मालमत्तेला साडेसात लाख रुपये, बस. त्याच्या वरती चोरी, आग, गारपीट, काच, जंगली जनावर आडवं येणं याचं अर्ध कव्हर, आणि स्वतःच्या चुकीने ठोकली तरी मिळणारं फुल. मोटारहोमला मी निदान अर्ध तरी घ्या म्हणेन, ती गाडी वर्षातले बरेच महिने उभीच असते आणि उभ्या गाडीला ठोकरीपेक्षा गारा आणि चोर जास्त भेटतात. आतलं सामान, लॅपटॉप, कपडे, ते कव्हरमध्ये धरलंय का हे स्पष्ट विचारा. आणि एक गंमत, तिकडे हंगामी नंबर प्लेट मिळते, प्लेटवरच महिने छापलेले असतात, ०४ ते १० असं, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. टॅक्स आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. पण नोव्हेंबरमध्ये ती गाडी रस्त्यावर उभी पण करायची नाही, स्वतःची जागा पाहिजे. आपल्याकडे अशी प्लेट निघाली तर ऊस हंगामाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी पहिल्या दिवशी लाइन लावली असती.

इंग्लंडची पॉलिसी जर्मन प्लेट गाडीला लागल्याच्या दुसऱ्या दिवशी बंद करा, आधी नको. दोन हप्ते चार दिवस एकावर एक पडले तरी चालतील. आणि मधल्या दिवसांना इंग्लंडवाले नाही म्हणाले तर जर्मन कंपनीला विचारा, नंबर यायच्या आधी चॅसी नंबरवर कव्हर देता का, नाहीतर गाडी तेवढे दिवस कुणाच्या तरी अंगणात उभी राहू दे.

लायसनचं. मिस्टरांचं ब्रिटिश लायसन असेल तर ६ महिने चालतं, त्याच्या आत बदलून घ्यायचं. भारतीय लायसनवाला तिथं राहायला गेला तर ६ महिन्यांनी लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा. आणि गाडीचं भरल्यावरचं वजन ३,५०० किलोच्या आत आहे ना ते कागदावर बघा, साध्या लायसनवर तेवढंच धरून चला.

बाबा पाहुणे म्हणून येतायत, त्यांना इथल्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा, १ वर्ष चालतं, फी १,००० रुपये, सोबत मूळ लायसन खिशात. पण परमिट असलं म्हणजे विमा आहे असं नाही, त्यांचं नाव आणि वय कंपनीला कळवून लेखी होकार घ्या. आणि कस्टमच्या माफीचे ते १२ महिने आठवताय ना, गाडी दुसऱ्याला वापरायला द्यायची नाही. मिस्टर शेजारी बसलेत आणि बाबा तासभर चालवतायत याला कुणी वापरायला देणं म्हणू नये असं मला वाटतं, तरी कस्टमला एक ओळ विचारून ठेवा. खरं सांगू का, पहिल्या वर्षी बाबांना शेजारीच बसवा, उजवीकडून चालवायची सवय साठीनंतर एका आठवड्यात होत नाही, माझीच झाली नव्हती.

प्रश्न : सर, मी साताऱ्याचा. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन मागच्या सीट काढल्या, बेड, बेसिन, शेगडी बसवली. घरातले सगळे कासला जाऊन आलो, एकदम मस्त. आता रिटायर झाल्यावर बायकोला घेऊन हीच गाडी बाय रोड लंडनपर्यंत न्यायचा विचार आहे. फुल इन्शुरन्स आहे. अजून काय लागेल?

साहेब, लंडन राहू दे, खंबाटकीच्या घाटाचं बोलू आधी. तुमच्या आरसीवर काय लिहिलंय? सीट किती? सीट काढून बेड घातलेत आणि आरसीवर अजून सीटच आहेत, तर तुमच्याकडे फुल इन्शुरन्स आहे तो कागदावरच्या गाडीचा, रस्त्यावरच्या नाही.

वर म्हणालो ना एकच फाईल आली होती, ती अशीच. ऑगस्ट २०१९, सांगलीत पूर ओसरला होता, आम्ही सर्व्हेअर लोक दिवसाला पंचवीस-तीस गाड्या बघत होतो. एका गल्लीत अशीच ट्रॅव्हलर. काचेच्या मधोमध चिखलाची रेघ. मागचं दार उघडेना, आतला प्लायवूडचा बेड पाणी पिऊन फुगला होता आणि दाराला आतून दाबून बसला होता, दोघांनी पहार लावून उघडलं. आत बेसिन, त्यात गाळ, आणि गाळात एक चहाची गाळणी सरळ उभी. मालक बाजूला उभा, मला सांगत होता साहेब दोन वर्षं लागली मला करायला. आरसीवर पॅसेंजर गाडी. मला जे दिसलं ते लिहायला लागलं, आणि कंपनीने क्लेम नाकारला. इंजिनात पाणी गेलं त्याचा बेडशी काय संबंध हे मी पण विचारलं होतं, उत्तर आलं नाही. तो माणूस नंतर मला बाजारात दिसला की मी रस्ता बदलायचो.

तर कायदा असा आहे की कलम ५२ खाली आरसीवरच्या मूळ गोष्टी बदलतील असे बदल करता येत नाहीत, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण हेच सांगितलं, कंपनीने जशी बनवली त्याच्या विरुद्ध बदल नकोत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला एकेका बदलाला ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आता घाबरू नका, मार्ग आहे. आपल्याकडे मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस १२४ नावाचं स्टँडर्ड आहे आणि खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये बसते, म्हणजे अशी गाडी रीतसर असू शकते. साताऱ्याच्या आरटीओत जाऊन सरळ लेखी विचारा की माझ्या गाडीला मंजुरीचा मार्ग कोणता, आणि ज्याने काम केलंय त्याच्याकडे मंजुरीचे कागद आहेत का बघा. लोकल फॅब्रिकेटरकडे बहुतेक नसतात, तो छान काम करतो, पावती देतो कच्ची. आरसी बदलली की त्याच दिवशी विमा कंपनीला कळवून पॉलिसीत बदल करून घ्या, आतल्या फिटिंगची किंमत धरून.

एवढं झालं की मग लंडन. आपली पॉलिसी भारतापुरती असते. जास्तीचा हप्ता भरून ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तानपर्यंत वाढवता येते, त्याच्या पुढं नाही, आणि बोटीतल्या प्रवासात झालेलं नुकसान त्यातही धरत नाहीत. म्हणजे पुढं प्रत्येक देशाच्या बॉर्डरवर तिथला विमा घ्यायचा आणि बोटीचा वेगळा. गाडीचा पासपोर्ट लागतो, त्याला कार्ने म्हणतात, आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन देते, १ वर्ष चालतो, आणि त्याच्यापोटी गाडीच्या किमतीच्या हिशोबात हमी ठेवायला लागते. युरोपात तो मागत नाहीत, मधल्या देशांत मागतात. प्रत्येक देशात शिरताना एक शिक्का, निघताना एक शिक्का. निघतानाचा राहिला की तो देश म्हणतो गाडी इथंच विकली, आणि ड्युटी तुमच्या हमीतून जाते. तेव्हा बॉर्डरवर रात्री दोन वाजता झोप आली, वहिनी कंटाळल्या, तरी शिक्का बघितल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. आणि गाडी कुठल्या देशाची ते कळावं म्हणून मागं आयएनडी असं अंडाकृती स्टिकर लावा.

प्रश्न : कराडहून. मुलगा जर्मनीतून कायमचा परत येतोय, तिथली ६ वर्षं जुनी कॅम्पर इकडे आणता येईल का?

नाही. डावं स्टिअरिंग आणि ३ वर्षांच्या वर जुनी, दोन्ही ठिकाणी नापास. जुनी गाडी आणायची तर उजव्या स्टिअरिंगची, बनवल्यापासून ३ वर्षांच्या आतली, तीही फक्त मुंबई बंदरातून, आणि सगळी ड्युटी-टॅक्स धरून गाडीच्या किमतीच्या वरच रक्कम भरायची. घरी परत येतोय म्हणून गाडीला सामानासारखी सवलत इकडे नाही. काही महिने फिरायला आणून परत न्यायची असेल तर कार्नेवर येते, पण तो कायमचाच येतोय म्हणता, तेव्हा तिकडेच विकू दे.

प्रश्न : आम्ही दोघं मुलाकडे परदेशात कायमचे चाललोय. एमएच १० ची कार भाच्याला देतोय, नावावर नंतर करू म्हणतो तो. चालेल ना?

भाचा चांगलाच असणार, पण नको. आरसीवर नाव तुमचं आहे तोवर कायद्याला मालक तुम्हीच, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच धरलंय, गाडी हातोहात चार जणांना विकली गेली तरी नुकसानभरपाई आरसीवरच्या मालकावर आली. तिकडे नातवंडांना खेळवत असताना इथल्या कोर्टाची नोटीस कुठल्या पत्त्यावर जाणार, बंद घरावर. जायच्या आधी गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, लोन असेल तर फॉर्म ३५ ने बोजा उतरवणं, आणि पॉलिसी भाच्याच्या नावावर. तुमचा नो क्लेम बोनस मात्र त्याला देऊ नका, तो गाडीचा नसतो, तुमचा असतो, कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, ३ वर्षांत परत येऊन गाडी घेतलीत तर ५० टक्क्यांपर्यंत जे असेल ते वापरता येतं. नावावर झालं का ते परिवहनच्या ऑनलाइन नोंदीत स्वतः बघा, भाच्याचा झालं काका असा मेसेज आला म्हणजे झालं असं नाही. एजंटला सगळे पैसे आधी देऊ नका, निम्मे नवीन आरसीचा फोटो आल्यावर.